वेशीपाशी आठ मात्रा

ऐक ना गार्गी. आधी सगळं ऐकून घे, मग काय हसायचं ते हस.

काल कार्यक्रम संपल्यावर टपरीवर तू सगळ्यांसमोर म्हणालीस ना, "तुमचा तो हलगीवाला मधेच ब्लँक झाला, काड्या वर धरून पुतळ्यासारखा उभा!" सगळे खदाखदा हसले. मीही हसले. तिथे उभ्या उभ्या काय सांगणार? पण तो विसरला नव्हता गं. शमू काय वाट्टेल ते विसरतो. चार्जर विसरतो, परीक्षेची तारीख विसरतो, एकदा तर हलगीच एसटीत विसरून आला होता. ती जागा नाही विसरत. आमचा बँडच मुळात त्या जागेतून निघालाय. म्हणजे... थांब, असं नाही कळणार. पहिल्यापासून सांगते.

मी बारावीला होते. डिसेंबर. आमच्याकडे नगर जिल्ह्यात थंडी काय पडते ते तुला पुण्यात बसून नाही कळायचं. आमची वस्ती गावाच्या बाहेर, ओढ्याच्या अलीकडे. ओढा ओलांडला की गावाची जुनी वेस, दगडी कमान नुसती, दारं कधीच गेली. वेशीच्या आत गाव. वस्तीत सगळे आपले ख्रिस्ती, एक छोटं चर्च, आणि चर्चच्या मागे पत्र्याची खोली, जिच्यात सतरंज्या, लग्नाची मोठी पातेली आणि नाताळच्या चांदण्या ठेवतात. त्या खोलीत आम्ही तिघं बसलो होतो. मी, बर्णबा आणि शमू.

बर्णबाकडे गिटार होती. मावसभावाची, एक तार कमी. त्याला बँडचं नाव आधी सुचलं होतं, गाणी नंतर. "रॉकिंग शेफर्ड्स!" तो म्हणाला.

"मेंढ्या कुठायत?" शमूने विचारलं.

"तूच की."

शमू म्हणजे शमुवेल. आईबाप नाशिकला कंपनीत, म्हणून हा लहानपणापासून आज्याकडे, लाजरसनानांकडे. आणि मजा बघ, पोराच्या हाताला सारखी खाज, जे दिसेल ते वाजवायचं, आणि घरात जेवताना ताटावर बोट जरी आपटलं तरी नाना त्याचं मनगट धरायचे. बोलायचे नाहीत. नुसतं धरायचे. मग हा गावात जाऊन पोपटकडे हलगी शिकला, चोरून. पोपट त्याचा वर्गमित्र, त्यांचं हलगीचं पथक आहे, जत्रेत वाजवतात. आमच्या खोलीत हलगी नव्हती, म्हणून शमू उलट्या बादलीवर वाजवायचा.

शहरात नाताळनंतर गाण्यांची स्पर्धा होती, आपल्या वस्तीचं जुनं गाणं आपल्या वाद्यांवर बसवायचं. आम्हाला जायचंच होतं. मी तर झोपेतसुद्धा स्टेज बघत होते. पाळकसाहेब म्हणाले, "जा, पण आधी नाताळच्या फेरीत वाजवा. वस्तीला आवडलं तर जा."

आता फेरी काय ते सांगते. नाताळच्या दिवशी पहाटे सगळे चर्चसमोर शेकोटीपाशी जमतात. पुढे लाजरसनाना, हातात कंदील. दारोदार जायचं, प्रत्येक दारात एकच गाणं म्हणायचं, त्या घरातली माणसं चहा, करंज्या, चिवडा देतात आणि आपल्यात सामील होतात. असं करत करत अख्खी वस्ती गोळा होते. मग सगळ्यांनी ओढा ओलांडायचा, वेशीपाशी जायचं, गावाकडे तोंड करून एकदा तेच गाणं म्हणायचं आणि माघारी फिरायचं. आत जायचं नाही. नाना पुढे उभे असायचे, आमच्या आयांना आठवतंय तेव्हापासून तेच.

आणि गाणं असं:

उठा उठा हो मायबाप, पाहुणा आला दारी,
अंगावर त्याच्या नाही शाल, गारठली रात सारी,
दार उघडा हो, दार उघडा—

आणि इथे थांबायचं.

चांगल्या आठ मात्रा. कुणी काही म्हणायचं नाही. फेरीत एरवी टाळ असतात, तेसुद्धा त्या जागी छातीशी दाबून धरायचे, चुकून किणकिण व्हायला नको. आणि मग सगळ्यांनी एकदम, "उजेड आला घरी!"

कुणी नवी सून आली की पहिल्या वर्षी हमखास फसते. सगळे गप्प आणि ही एकटीच, "उजेड!" मग वर्षभर तिला त्यावरून चिडवतात.

का थांबायचं? आई म्हणायची, दम घ्यायला. पाळकसाहेब म्हणायचे, मनातल्या मनात प्रार्थना करायला. आम्हा पोरांना सांगितलेलं, आतल्या माणसाला कडी काढायला वेळ नको का द्यायला? मला हेच खरं वाटायचं. कारण खरंच तेवढ्यात दार उघडायचं.

त्या दिवशी पत्र्याच्या खोलीत मी गाणं म्हणत होते, बर्णबा तार जुळवत होता, आणि त्याने मधेच विचारलं, "कडी काढायला म्हणतेस, मग वेशीला दार कुठंय? तिथे कोण कडी काढतंय?"

मी म्हटलं, "असेल पूर्वी."

"दगडाला कडी?"

"तू वाजव ना गप."

मी पुन्हा सुरू केलं. दार उघडा हो, दार उघडा... आणि मी थांबले, आणि शमूने बादलीवर हात टाकला.

गार्गी, काय सांगू तुला. मी आधी कधी ते ऐकलं नव्हतं आणि तरी मला ते माहीत होतं. त्याने काही ठरवलं नव्हतं, नुसता हात सोडला, आणि तो तुकडा त्या जागेत असा बसला की जणू कुणी मापं घेऊन ठेवली होती. एक मात्रा कमी नाही, एक जास्त नाही. आणि शेवटच्या ठोक्यावर "उजेड" असा उचलला गेला, की मी म्हटलाच नाही, तो माझ्या तोंडातून निघाला.

बर्णबा म्हणाला, "आयला."

 मग तिघंही एकदम बोलायला लागलो. बर्णबा अजून म्हणतो, बँड त्या मिनिटाला झाला. मी म्हणते नाही, नंतर झाला. ते ऐक.

नानांना विचारल्याशिवाय ते गाणं कुणी घेत नाही. संध्याकाळी गेलो. नाना ओट्यावर बसले होते, कानटोपी, मळका कोट, पायाशी मांजर.

"सलाम नाना."

"सलाम. आलं का मेंढरांचं खांड?" खांड म्हणजे कळप, शमूने घरी बँडचं नाव सांगितलं होतं.

मी म्हणायला लागले. नाना डोळे मिटून ऐकत होते, मान डोलत होती, आपल्या शिकवलेल्या पोरीने बरं म्हटलं की जसं होतं ना माणसाचं. आणि ती जागा आली आणि शमूने लाकडी स्टुलावर तोच तुकडा वाजवला.

नानांचे डोळे उघडले. मला वाटलं चिडतील. चिडले नाहीत. कुणी घरात शिरलंय असं बघत होते, शमूच्या मागे.

मग म्हणाले, "पुन्हा म्हन. त्यानं हात मांडीखाली घालून बसायचं."

"नाना, पण का?"

"का म्हंजे? तिथं काय न्हाई."

"तेच तर ना नाना, तिथे काही नाही, म्हणून तर आम्ही..."

"तिथं काय न्हाई असं म्हनलो मी. रिकामं हाय असं म्हनलो का?"

 शमू म्हणाला, "मग काय आहे ते तरी सांगा."

नाना उठले. "मधी कायबी वाजलं तर म्या फेरीला न्हाई. तुमचं तुम्ही बघा." आणि आत. मांजर पण त्यांच्या मागे आत.

वस्तीत ही बातमी किती वेळात पसरली असेल? आम्ही घरी पोचायच्या आत आईला माहीत. "म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवायचं गं?" असं म्हणून भांडी घासायला बसली, आणि जरा वेळाने म्हणाली, "ठोका मात्र ग्वाड होता हां. पलीकडच्या ओट्यावर ऐकला मी. डोक्यातून जाईना झालाय."

मग नाताळपर्यंत आमची रोज भांडणं. बर्णबा म्हणायचा दुसरं गाणं घेऊ. मी म्हणायचे नानांना मनवू. शमू एकच म्हणायचा, "मी वाजवणार."

"नाना आले नाहीत तर?"

"येतील. ते नाही आले तर फेरीच नाही, त्यांना माहितीये."

"आणि त्यांनाही वाटतंय की तू नाही वाजवणार, कारण फेरी मोडेल!"

"बघू कोण आधी हलतंय."

"शम्या, आजोबा आहेत ते तुझे."

तो एकदम चिडला. "म्हणूनच! आख्खं आयुष्य माझं मनगट धरून ठेवलंय त्यांनी, सुवार्ता. कारण विचारलं तर आत निघून जातात. पोपटचे वडील त्याला स्वतः शिकवतात, माहितीये? त्याच्या पाठीवर थाप मारतात. मला कधीतरी त्यांच्यासमोर वाजवायचंय. त्यांच्यासमोर. एकदा."

 खरं सांगू, मला दोन्ही हवं होतं. स्टेज पण हवं होतं आणि पुढे कंदील घेतलेले नाना पण.

नाताळची पहाट. धुकं इतकं की चर्चवरची चांदणी नुसती लाल डाग दिसत होती. शेकोटी पेटलेली, बायका शाली गुंडाळून, पोरं नव्या स्वेटरात. नाना आले नव्हते. सगळ्यांची नजर त्यांच्या घराकडे आणि कुणी तसं दाखवत नव्हतं. तेवढ्यात शमू आला, घोंगडीखाली काहीतरी फुगलेलं. घोंगडी बाजूला केली तर हलगी. पोपटकडून मागून आणलेली.

"बादली घेऊन फिरू का वस्तीभर?" माझ्याकडे बघून म्हणाला. त्याने टिपरू, म्हणजे हलगीची आखूड काडी, मारून बघितलं. थप. ओल्या पोत्यावर मारल्यासारखं. धुक्याने चामडं पार ढिलं पडलं होतं. हलगी गार पडली की तापवावी लागते ना, मग ती ताणते आणि कडकडते. म्हणून तो शेकोटीपाशी उकिडवा बसला आणि हलगी जाळाच्या वर धरली.

आणि नाना आले.

कंदील घेऊन आले. म्हणजे नाना आधी हलले होते, शमू जिंकला होता! पण आमच्यापासून थोड्या अंतरावर नाना थबकले. जाळाच्या उजेडात उकिडवी बसलेली एक आकृती आणि तिच्या हातात जाळावर धरलेली हलगी. कंदील हलायला लागला. मी पळत जाऊन तो धरला, आणि मला ऐकू आलं. नाना म्हणत होते, "बाबा."

मग मोठ्याने, "टाक! टाक त्या जाळात, टाक एकदाचं!"

शमू दचकला. हलगी पोटाशी धरून मागे सरला. "नाना, पोपटची आहे! जाळली तर तो मला जाळेल!"

कुणीतरी हसलं. मग नानांचा चेहरा दिसला आणि हसणं थांबलं. बर्णबाने खुर्ची आणली. नाना बसले नाहीत. जाळाकडे बघत बोलायला लागले, आणि गार्गी, त्या वस्तीत जन्मलेल्या माझ्या आईने, चुलत्यांनी, कुणीही हे आधी ऐकलं नव्हतं.

"मी ह्या कंदिलाएवढा व्हतो," नाना म्हणाले. "त्याच साली आमचा बाप्तिस्मा झालेला. पैला नाताळ. हे गानं माझ्या बाबानं केलं, सावळाबाबानं. हलगीवर केलं. त्याला दुसरं काय येत व्हतं? मधी हलगीचा तुकडा, मग उजेड. असं व्हतं गानं."

शमूने माझ्याकडे बघितलं.

"पहाटं असंच समदे जमलो. बाबा हितंच बसून हलगी तापवत व्हता. आन् गावातनं मानूस आला. मढं उठायचंय, चल सावळ्या, हलगी घे. गावात मढं असू दे, दवंडी असू दे, पाटलाच्या घरचं लगीन असू दे, पुढं हलगी आमची. ज्वारीची चार कणसं टाकायचे खळ्यात. इचारायचं न्हाई, नुसतं बोलवायचं. बाबा म्हनला, आज सन हाय आमचा. तर तो मानूस म्हनला, सन तुझा आसंल, हलगी गावाची हाय. मी वेशीत थांबतो, ये."

"मग?" कुणीतरी बारीक आवाजात विचारलं.

"मग बाबा बसून राह्यला लय येळ. हलगी तापली, कडक झाली, तरी जाळावरच धरलेली. आई म्हनली, अवो, जळंल ना ती. बाबा म्हनला, हां. आन् सोडून दिली."

शेकोटीतलं लाकूड फुटलं. 

"चामडं जळल्याचा वास अजून हाय माझ्या नाकात. मग उठला, म्हनला चला फेरीला. गानं सुरू केलं. हलगीची जागा आली आन् समदे गप. कुनी सांगितलं न्हवतं गप बसा म्हनून. ठोकाच न्हवता, म्हननार काय? असं दारोदार करत वेशीपाशी गेलो. तिथं तिरडी ठिवलेली, सगळं गाव उभं, समद्यांचे कान हलगीकडं. बाबानं मढ्याला हात जोडले. गानं म्हनलं. दार उघडा हो, दार उघडा. आन् मग..." नानांनी हात वर केला आणि तसाच ठेवला. "ठोका पडला न्हाई ते ऐकलं समद्या गावानं. चांगलं ऐकलं. मग बाबा म्हनला उजेड आला घरी, आन् माघारी फिरला."

"मग काय केलं गावाने?" बर्णबा.

"करतंय काय. दाना बंद झाला. दगड फोडाय गेलो, ऊस तोडाय गेलो, आई कुठं कुठं गेली. पर परत कुनी बोलवाय आलं न्हाई."

आईने विचारलं, "नाना, इतकी वर्षं बोलला का नाही हो?"

"काय बोलू? पोरं म्हननार, आपल्या वाट्याला असलं व्हतं व्हय. माना खाली घालनार. तिथं गप बसायचं एवढं येत व्हतं ना तुमाला? बास की मग."

शमू अजून हलगी पोटाशी धरून उभा. म्हणाला, "नाना, पण मला कुणी बोलावलं नाही. मी माझ्या मनाने आणलीय."

नानांनी त्याच्याकडे बघितलं. 

"त्येच तर," म्हणाले. "त्येच तर मला कळंना झालंय, रं."

"मग वाजवू का नको?"

"मी न्हाई सांगनार. माझ्या बाबालाबी कुनी सांगितलं न्हवतं." आणि माझ्या हातातला कंदील परत घेतला. "सुवारते, माझा दम पुरत न्हाई आता. गानं तू धर. मी मागनं येतो."

म्हणजे बघ. नाना आले, आणि गाणं माझ्यावर टाकून मागे उभे राहिले. फेरीत नियम असा, जो गाणं धरतो त्याच्याकडे बघून सगळे थांबतात आणि त्याच्याकडे बघून उचलतात. म्हणजे ती जागा आता माझी होती.

वस्तीत शमूने हलगी पाठीवर टाकली, वरून घोंगडी. एकाही दारात काढली नाही. आम्ही म्हणायचो, थांबायचो, दार उघडायचं, करंजी हातात पडायची. पण त्या दिवशी थांबताना कुणी दम घेत नव्हतं. सगळे ऐकत होते. लहान पोरंसुद्धा. माझी चुलती, जी प्रत्येक वर्षी त्या जागी शाल सावरते, ती हात खाली सोडून उभी.

ओढा ओलांडला तेव्हा उजाडायला लागलं होतं. आणि वेशीत माणसं! नेहमी तिथे दुधाच्या कॅनवाले दोघंतिघं असतात. त्या दिवशी चांगला घोळका, कारण पोपटने गावभर सांगितलं होतं की आज वस्तीवाले हलगी वाजवणार. पोपट स्वतः कमानीच्या दगडावर चढून बसलेला, मफलर, खिशात हात, आणि तोंडभर हसू. वेशीत उभं गाव, समद्यांचे कान हलगीकडं. 

शमूने घोंगडी काढली. हलगी पुढे घेतली. एका हातात टिपरू, एका हातात लांब काडी.

पोपट वरून ओरडला, "शम्या! होऊ दे! वाजव!"

प्रेमाने ओरडला गं. मित्र होता, त्याची हलगी होती, त्याला अभिमान होता. पण तो शब्द कमानीत घुमला, "वाजव", आणि मला नानांच्या गोष्टीतला तो बोलवायला आलेला माणूस ऐकू आला.

मी सुरू केलं. उठा उठा हो मायबाप.  गारठली रात सारी. शमू माझ्या बाजूला, जरा तिरका. दार उघडा हो. त्याने हात वर घेतले आणि माझ्याकडे बघितलं. नुसत्या भुवया वर केल्या. वाजवू?

दार उघडा—

मी मान हलवली. एवढीशी. नाही.

त्याचे हात वरच राहिले. काड्या वर, हलगी छातीवर, आणि आवाज नाही. काल पाहिलंस ना, तसाच. आठ मात्रा. कुणाची तरी मोटरसायकल चालू होती ती बंद झाली. पोपटचं हसू होतं तिथेच राहिलं, मग हळूहळू गेलं, आणि तो दगडावरून खाली उतरून उभा राहिला. मला तेव्हा कळलं, इतकी वर्षं आम्ही तिथे थांबायचो आणि गावाला वाटायचं, वस्तीवाले विसरतात. हलगीच नाही, तर ती वाजत नाहीये हे कुणाला कसं कळणार? त्या दिवशी ती होती. सगळ्यांना दिसत होती. आणि वाजत नव्हती.

उजेड आला घरी.

फिरलो माघारी.  शमू माझ्याकडे बघेना. ओढ्याच्या मधोमध आलो तेव्हा मागून नानांचा आवाज.

"शम्या."

"हां नाना."

"वाजव आता."

शमू पाण्यात उभा. "इथे?"

"हितं. घरी जाताना. गानं झालं न्हवं का?"

आणि त्याने वाजवली गार्गी! सकाळच्या गार हवेत अशी कडकडली की बगळे उडाले. टाळ सुटले, पोरं नाचायला लागली, माझी आई, माझी आई नाचली, बर्णबा गिटार डोक्यावर धरून ओढा पार करत होता. चर्चपर्यंत वाजवत आलो. पोपट पण आला होता मागे मागे, करंज्या खात. आणि दारात आल्यावर नानांनी शमूचं मनगट धरलं, तसंच, नेहमीसारखं. मी म्हटलं आता काय!

"डावा हात ढिला हाय तुझा," नाना म्हणाले. "बाबाचा न्हवता. ठोका त्योच हाय, पर डावा ढिला." आणि मनगट पकडून तसंच दोनदा हलवून दाखवलं. असं.

तर त्या दिवशी बँड झाला. नाव ठेवलं वेस. बर्णबाने मेंढ्यांचा हट्ट सोडला. स्पर्धेला गेलो, ती जागा तशीच ठेवली, आणि परीक्षक तेच म्हणाले जे तू म्हणालीस. वादक मधे विसरला. नंबर वगैरे काही नाही, आणि आम्ही परत येताना एसटीत हसून हसून लोळत होतो.

नाना पुढच्या नाताळला नव्हते. मधल्या दिवसांत त्यांनी शमूचा डावा हात मात्र ठीक करून घेतला. रोज संध्याकाळी, ओट्यावर.

पण हे एवढंच असतं तर मी तुला टपरीवरच सांगितलं असतं. माझं अडलंय ते दुसरंच. दर नाताळला फेरी संपली की शमू आणि मी भांडतो. तो म्हणतो, तू मान हलवायला नको होतीस. मी म्हणते, पोपट वाजव म्हणाला, तू ऐकलंस ना? तो म्हणतो, पोपट काय पाटील आहे का? मी म्हणते, वेशीत ते गप्प राहणंच आपलं होतं. आणि मग तो ते सांगतो जे मी पाहिलं नाही, कारण माझं तोंड गावाकडे होतं आणि तो तिरका उभा होता, त्याला मागचं दिसत होतं. तो म्हणतो, मी काड्या वर घेतल्या तेव्हा नानांनी टाच उचलली होती, सुवार्ता. ठोक्याची वाट बघतात ना पाय, तशी. आठही मात्रा टाच वरच होती.

खरं असेल का? शमूला तसं दिसावंसं वाटलं असेल का? नानांना मी कधी विचारलं नाही, धाडस झालं नाही, आणि मग ते गेले.

तू सांग गार्गी. समोर सगळं गाव, वर पोपट ओरडतोय, बाजूला शमूच्या भुवया, आणि मागे काय चाललंय ते तुला दिसत नाहीये. मान तुझी आहे. तू काय केलं असतंस?